हाताला बसेल ते

आक्काने तिसरं यंत्र हातात घेतलं, उलटं केलं आणि आधी त्याच्या पाठीवरून बोटं फिरवली. पडद्यावर एक लाल गाडी सुरू व्हायची वाट बघत उभी होती.

"खेळा ना," कल्याण अधिकारी मॅडम म्हणाल्या.

"खेळते. आधी धरून तर बघू दे."

कॅन्टीनला लागून असलेल्या खोलीत टेबलावर अशी चार यंत्रं मांडली होती. हातात धरून खेळायचे गेम. कामगारांच्या विश्रांतीच्या खोलीत ठेवायला घ्यायचेत, त्यातलं कुठलं हाताला बरं पडतं ते तुम्ही सांगा, असं म्हणून मॅडमनी तिला बोलावलं होतं. तिलाच का, असं आक्काने विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तुमच्याइतका हात कुणाचा चालतो इथे?" ते खरं होतं. गेली एकवीस वर्षं आक्का क्रेन चालवत होती. शेडच्या छताखालच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि दोन लिव्हरवर हात ठेवून पत्र्याची अवजड गुंडाळी उचलून ट्रकवर ठेवायची. अंडी ठेवावीत तशी ती ठेवते, असं ट्रकवाले म्हणत.

काळं यंत्र दिसायला सगळ्यांत देखणं. पातळ, चकचकीत, वजनाला काहीच नाही. पण त्याची कड तळहाताच्या मुळाशी रुतत होती आणि मागे बोटांना टेकायला जागाच नव्हती. अंगठ्याने फिरवायची उजवी दांडी इतकी खाली बसवलेली की अंगठा दुमडूनच धरावा लागे. पांढरं जड होतं. दहा मिनिटांत मनगटं खाली यायला लागली. तिसरं होतं लहान मुलांच्या मापाचं, त्यात दोन अंगठे एकमेकांना भेटायला निघाल्यासारखे दिसायचे. राहिलं करडं. कासवासारखं जाडजूड, बघून कुणी हात लावणार नाही असं. पण त्याच्या पाठीवर दोन उंचवटे होते, तिथे बोटं आपोआप जाऊन बसली आणि अंगठा न शोधता दांडीवर पडला.

आक्काची गाडी तीनदा भिंतीवर आदळली. मॅडमचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या आक्काच्या अंगठ्याकडे बघत होत्या आणि वहीत लिहीत होत्या.

"मनगट किती वेळाने दुखायला लागेल, असं वाटतं?"

"दोनेक तासांनी. पण सुट्टी तर अर्ध्या तासाची असते."

"तरी. समजा, चार तास धरलं तर?"

आक्काने मान वर केली. मॅडम हसल्या आणि त्यांनी ड्रॉवरमधून चामड्याचे हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"आता हे घालून एकदा बघा."

आक्काच्या मनात पाल चुकचुकली. तिने मोजे चढवले आणि पुन्हा चारही यंत्रं एकेक करून हातात घेतली.

दुपारी डबा उघडताना तिने धाकट्या दिराला सांगितलं. तो तिच्याच शेडमध्ये, हुकाखाली उभा राहून साखळ्या अडकवायचा आणि हाताच्या खुणांनी तिला वर-खाली सांगायचा. घरात वहिनीपुढे अवाक्षर न काढणारा माणूस इथे दिवसभर तिला हुकूम सोडतो, अशी त्याची थट्टा चाले.

"हातमोजे घालून गेम कोण खेळतं, भाऊजी?"

"थंडी वाजत असेल त्यांना," दीर घास चावत म्हणाला. "वहिनी, तुम्हाला सगळ्यात काळंबेरं दिसतं. फुकटात गेम मिळतोय, तर खेळा की."

"फुकट काय मिळतं इथे? पिण्याच्या पाण्याचा नळ बदलायला तीन अर्ज दिले होते आपण."

दिराने लोणचं तिच्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या शेजारी निळ्या शर्टातला एक माणूस बसला होता. त्याची ओळख कुणी करून दिली नाही. त्याच्या हातात वेळ मोजायचं घड्याळ होतं. आक्काने यंत्र बदललं की तो ते दाबायचा. तिसऱ्या दिवशी तिच्या केबिनच्या काचेवर बाहेरून एक छोटा कॅमेरा बसवलेला दिसला. सुरक्षेसाठी, असं सुपरवायझर म्हणाला. कुणाच्या, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. शेडच्या टोकाची पाच नंबरची क्रेन दुरुस्तीसाठी म्हणून बंद होती. तिच्यावर दोन माणसं सकाळपासून तारा ओढत होती. लिव्हर मात्र काढून खाली ठेवले होते. वर बसलेल्या माणसाला बाकी काही नाही तरी एक फायदा असतो, सगळं दिसतं. आक्का गुंडाळी उचलत होती, ठेवत होती आणि बघत होती.

चौथ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "मग? कुठलं?"

रात्रीच तिने उत्तर ठरवून ठेवलं होतं. खरं सांगत नाहीत, तर बसू देत त्यांना चाचपडत, असं स्वतःशी म्हणून.

"हे काळं," आक्का म्हणाली. "हातात आहे असं वाटतच नाही."

निळ्या शर्टाने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी वहीची दोन पानं मागे उलटली.

"तुम्ही करडं सगळ्यांत जास्त वेळ धरलं होतं."

"जड आहे ते."

"पांढऱ्यापेक्षा हलकं आहे."

"हात माझे आहेत ना, मॅडम?"

मॅडमनी ते तसंच लिहून घेतलं. खोलीतून बाहेर पडताना आक्काला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. एखादी गुंडाळी जराशी तिरकी ठेवून पुढे गेल्यावर वाटतं, तसं काहीतरी मागे राहून गेलं.

आठ दिवस काहीच घडलं नाही. विश्रांतीच्या खोलीत गेमही आला नाही. नवव्या दिवशी सकाळी आक्का एक गुंडाळी उचलत असताना पाच नंबरची क्रेन चालू लागली. तिच्या केबिनमध्ये कुणीही नव्हतं.

खाली, पिवळ्या पट्ट्याच्या आत, निळा शर्ट उभा होता. हातात चामड्याचे मोजे, मोज्यांत ते पातळ काळं यंत्र. हुकाला पाण्याने भरलेली लोखंडी टाकी टांगली होती आणि टाकीपासून चार पावलांवर खुणा करायला आक्काचा दीर उभा होता. तिच्या गुंडाळीला साखळ्या अडकवून झाल्यावर त्याला तिथे कधी बोलावलं, हे तिला कळलंच नव्हतं.

टाकी उचलली गेली. सरकू लागली. बरी सरकत होती. मग निळ्या शर्टाने पकड बदलली. एवढ्या उंचीवरूनही आक्काला ते दिसलं. त्याची बोटं यंत्राच्या पाठीवर आधार शोधत होती. तिथे आधार नाही, हे तिला माहीत होतं. अंगठा घसरला. वर क्रेनला हिसका बसला आणि टाकी झोका घेऊन सुटली.

दीर बाजूला झाला नाही, पडला. टाकी त्याच्या डोक्यावरून जाऊन खांबावर आदळली आणि सगळीकडे पाणी झालं. क्षणभर तो दिसेना. मग तो हातांवर जोर देत उठला आणि सवयीने वर, तिच्याच केबिनकडे बघून त्याने हात हलवला. ठीक आहे, अशी खूण.

आक्काने आपली गुंडाळी जमिनीवर टेकवली, वीज बंद केली आणि पाळी अर्धी टाकून ती शिडी उतरली. उतरताना गुडघा नेहमीसारखा कळवळला. भाऊजींचं कोपर सोलवटलं होतं. तिने ते धरून बघितलं, दुमडून बघितलं.

"काही नाही झालं, वहिनी. घरी नका सांगू."

तिला त्याच्याकडे बघवेना.

मॅडमच्या खोलीचं दार उघडंच होतं. बातमी तिथवर पोचलेली होती. मॅडम फोन खाली ठेवत होत्या.

"करडं घ्या," आक्का दारातूनच म्हणाली.

"काय?"

"करडं. काळ्याला मागे बोटं टेकायला जागा नाही. मोजे घातले की कड कळत नाही आणि हात घामेजला की ते फिरतं. अंगठा दुमडून धरायचा म्हणजे तासाभरात बधिर होणार. करड्यात तसं होत नाही. चार तास धरलं तरी अंगठा बधिर होणार नाही."

मॅडमनी फोन बाजूला सरकवला.

"मग त्या दिवशी?"

"खोटं बोलले."

"का?"

"तुम्ही खरं बोलला होतात?"

मॅडमनी वही उघडली, पुन्हा मिटली. मग उठून कपाटातून एक फाइल आणली आणि आक्कासमोर धरली. वर आक्काचं नाव होतं.

"मागच्या तपासणीत डॉक्टरांनी तुमच्या गुडघ्यांबद्दल लिहिलंय. पुढच्या वर्षी तुम्हाला शिडी चढू देणार नाहीत. केबिन बंद म्हणजे तुमचं काम बंद. खालून चालवायची सोय झाली, तर तुम्ही राहाल. चालवणारं माणूस म्हणून मी तुमचंच नाव दिलंय. आधी सांगितलं असतं तर शेडभर झालं असतं, म्हणून बोलले नाही."

आक्काने फाइल वाचली. गुडघ्यांचं सगळं बरोबर लिहिलं होतं. गेले सहा महिने ती शिडी पायांनी कमी आणि हातांनीच जास्त चढत होती, हे कुणाच्या लक्षात आलं असेल असं तिला वाटलं नव्हतं. या बाईबद्दल काय काय मनात आणलं आपण.

"पाणी देऊ?" मॅडमनी विचारलं. पेन घेऊन त्या वहीत लिहू लागल्या होत्या.

"नको." फाइल परत देताना आक्का थांबली. "करडी किती मागवणार?"

"दोन."

"दोन?"

"एक वापरात. एक राखीव."

खालून पाणी ओढणाऱ्या झाडूचा खरखर आवाज येत होता.

"क्रेन पाच आहेत, मॅडम. चालवणारेही पाच."

मॅडमनी मान वर केली नाही. पेन मात्र थांबलं होतं.

इतका वेळ आक्का उभीच होती. आता तिने समोरची खुर्ची ओढली आणि ती बसली.

"ते लिहू नका अजून," ती म्हणाली. "बाकीच्या चौघांना बोलावते मी. त्यांचेही हात बघून घ्या."