ब्रेकला तेल

मी दोन्ही ब्रेक करकचून दाबले होते, तरी वॉकर आपला पुढेच चालला होता आणि त्याच्यामागे फरफटत मी. इमारतीच्या दारापासून फाटकापर्यंतचा तो उतार, कडेला कठडा, आणि फाटकापलीकडे थेट रस्ता. "अरे बाबा, थांब की!" असं मी चक्क वॉकरलाच म्हणाले. पाचावर धारण बसली की माणूस काय वाटेल ते बोलतो.

चूक माझीच. सकाळपासून तो कुरकुरत होता. माझा सारा जन्म शिलाई मशीनवर गेला. कुरकुर ऐकली की हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो. जिथे म्हणून दोन भाग एकमेकांना घासतात तिथे थेंब थेंब सोडला. ब्रेकची पट्टी चाकाच्या रबरावर टेकते, तिथेही. आता तीच पट्टी गुळगुळीत होऊन सरकत होती.

भीती नुसत्या हाडांची नव्हती. माझा खुबा मोडला तेव्हा मुलीनं हा चार चाकांचा वॉकर आणला, मध्ये टेकायला सीट, मुठींना सायकलसारखे ब्रेक. त्याच दिवशी तिनं बजावलं, "आई, आता एकदा जरी पडलीस ना, तर मी तुझं काही ऐकणार नाही. खोलीला कुलूप, आणि तू माझ्याकडे." तिचं घर चांगलं आहे, जावईही भला आहे. पण तिथे माझं मशीन ठेवायला जागा नाही. मशीनशिवाय मी तिथे काय करू, सोफ्यावर बसून माशा मारू?

"मावशी, सोडा ते! कठडा धरा!" फाटकावरचा वॉचमन ओरडत धावला. त्याचीच आखूड केलेली पॅन्ट द्यायला मी निघाले होते.

सोडते कशी? वॉकर रस्त्यावर जाऊन आपटला असता, आणि मुलगी तर आत्ता यायची होती. एका हातानं कठडा धरला, दुसऱ्या हाताला वॉकर हिसके देत राहिला. वॉचमननं समोरून येऊन तो अडवला तेव्हा कुठे जिवात जीव आला.

त्यानं चाकाला बोट लावून पाहिलं. "मावशी, ब्रेकला तेल लावलंत?"

"हळू बोल. माझ्या मुलीला सांगशील तर याद राख, पॅन्ट उसवून ठेवीन."

तो हसला. मला हसू येईना. त्यानं मला धरून पुन्हा वर दारापाशी आणलं, वॉकर शेजारी उभा केला आणि तो पॅन्ट घेऊन गेला. तेवढ्यात मुलगी आलीच, दोन्ही हातांत जड पिशव्या.

"बाहेर कशाला उभी? आणि घाम किती आलाय तुला!"

"उकडतंय."

तिला ते पटलं. पिशव्या खाली ठेवून तिनं सवयीनं वॉकरचे ब्रेक लावले. "थांब ग, जरा टेकते. दमले." उताराकडे पाठ करून ती सीटवर बसायला वाकली.

गप्प बसले असते तर ब्रेक आपोआप बिघडले म्हणता आलं असतं, आणि मशीन माझं होतं. पण ती टेकणार तोच मी किंचाळले, "उठ! बसू नकोस! ब्रेक लागत नाहीत त्याचे!"

ती दचकून बाजूला झाली. वॉकरला नुसता धक्का लागला, तर तो घरंगळत जाऊन कठड्यावर आदळला. ती उतारावरून त्याच्यामागे गेली, चाकाला हात लावला, बोटं हुंगली. त्या वासातच ती लहानाची मोठी झाली होती.

"आई, म्हणजे मघाशी तू…"

मी मान हलवली. आता ती बोलेल ते ऐकून घ्यायचं ठरवलं होतं. पण ती रागावली नाही.

"फोन वाजला तरी धडकी भरते ग मला," ती म्हणाली. "वाटतं, पडलीच तू."

आपल्या भीतीच्या नादात तिची भीती मी कधी पाहिलीच नव्हती. दाराची चौकट धरून मी उभी राहिले.

"तुझ्या गॅलरीत पाऊस येतो का ग?"

"थोडा येतो. का?"

"मग मशीनवर मेणकापड घालावं लागेल."

ती खाली बसून रुमालानं ब्रेकची पट्टी पुसत राहिली. रुमाल मी शिवलेला होता. मशीनच्या तेलाचा डाग निघत नाही, पण मी तिला अडवलं नाही.