चढावरची खडी

शामकांतचा जीव थाऱ्यावर नव्हता. पुण्याला इंजिनिअरिंग शिकलेला हा तरुण वरच्या पदवीच्या अभ्यासासाठी वर्षभर काष्टीच्या बाजाररस्त्यावर बसून बैलगाड्या मोजत होता. ओढ्यातून वर येणाऱ्या चढावर गाड्या किती, ओझे किती, चाकोऱ्या किती खोल, सारे त्याने टिपले. पण त्याचा चौऱ्याऐंशी पानी इंग्रजी अहवाल चार महिने रस्तेखात्याच्या कचेरीत पडून होता. मागच्याच महिन्यात त्या चढावर चाकोरीत गाडी कलंडून गहिनीनाथ गाडीवानाने पाय गमावला. आता कडेला खडीचे ढीग येऊन पडले होते. सोमवारी ती खडी नेहमीसारखीच पसरली की तीन वर्षे त्या रस्त्याला कोणी हात लावणार नव्हते.

घरात येरझारा घालत तो कचेरीतल्यांना अडाणी ठरवत होता. चतुर्थीचा उपास असलेली थोरली बहीण नीलांबरी वाती वळत बसली होती. अहवालात आहे तरी काय, असे तिने विचारले. तो सांगू लागला आणि दुसऱ्याच वाक्याला इंग्रजीत शिरला.

"थांब," ती हळूच म्हणाली. "व्रताची कहाणी ऐकून बाईला कळतं, काय करायचं, कधी करायचं, त्यानं काय होईल. तुझ्या अहवालात हे कितव्या पानावर आहे?"

"एकसष्टाव्या."

"मग आधीची साठ पानं कोणासाठी रे?"

"परीक्षकांसाठी, अक्का."

"त्यांची गाडी जाते का त्या चढावरून?"

शामकांत रागाने उठला तो थेट चढावरच गेला. तिथे रस्त्याचा मुकादम सहादेव होता. त्याला त्याने साध्या शब्दांत सांगितले: बाजाराला जाताना गाड्या भरलेल्या असतात, त्या डाव्या अंगाने चढतात, येताना रिकाम्या उजव्या अंगाने उतरतात. म्हणून डावी बाजूच खचते. आहे त्याच खडीचे दोन वाटे डावीकडे टाकावेत, एक उजवीकडे.

सहादेव हसला. "ह्ये कळाया पुन्याला जावं लागतं व्हय, साहेब? आमी धा वरसं बघतोय. पर हुकूम येतो, समदीकडं सारकी टाका. आमाला कोन इचारतो? तुमी मोजलंय, तुमचं ऐकतील."

शामकांत वरमला. वर्षभर या माणसाच्या शेजारी बसूनही त्याने त्याला एक प्रश्न विचारला नव्हता. एकाजवळ अनुभव होता, दुसऱ्याजवळ पुरावा होता, आणि हुकूम काढणाऱ्यापर्यंत दोन्हींपैकी काहीच पोचले नव्हते!

त्याने मराठीत एकच पान लिहिले. आधी सहादेवला ऐकवले, त्याने सुचवलेले दोन शब्द बदलले, आणि शनिवारी ते कचेरीत प्रमुखांपुढे वाचले. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम बदलला. मग मान वर करून विचारले, "एवढं सोपं होतं, तर चार महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंत?"

शामकांत म्हणाला, "चूक माझी आहे."

सोमवारी डाव्या अंगाला दुप्पट खडी पडली. शामकांतने सहादेवबरोबर पुढच्या रस्त्याची पाहणी सुरू केली; या वेळी लिहिण्याआधी तो विचारत होता.

शिकलेल्या बंधुभगिनींनो, ज्याला निर्णय घ्यायचा आणि ज्याला राबायचे, त्या दोघांना कळेपर्यंत आपला अभ्यास पुरा झाला असे मानू नका. तोवर होणाऱ्या उशिराची किंमत दुसराच कोणी मोजत असतो.