डोंगरामागचं स्टेशन

आतल्या खोलीचं दार फुगून अडकायला लागलं, तेव्हा सुताराने ते काढून ठेवलं. तिथे पडदा आला आणि दार दोन स्टुलांवर आडवं पडून आमच्या खेळण्यातल्या आगगाडीचा मुलूख झालं. कडीच्या जागी भोक राहिलं होतं. ते तळं आहे, असं माझ्या नातीने जाहीर करून टाकलं.

तिला आम्ही टिल्ली म्हणतो. त्या दुपारी खिडकीतलं ऊन दारावर पसरलं होतं आणि लाकडाच्या रेषा उंचावरून पाहिलेल्या शेतांसारख्या दिसत होत्या.

"रूळ मागाहून जोडू," मी म्हटलं. "आधी ठरव, गाडीला जायचंय कुठे?"

"कुठेच नाही."

"मग गाडी कशाला म्हणायचं? कपाट म्हणू."

ती हसली नाही. पडद्यापलीकडे तिची आई, म्हणजे माझी मुलगी, बॅग भरत होती. नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी ती संध्याकाळी दुसऱ्या शहराला निघणार होती, वर्षभरासाठी. टिल्लीने कट्टी घेतली होती. आईने घातलेली वेणीसुद्धा तिने सोडून टाकली होती. दोघींनी न बोलता निरोप घ्यावा, हे मला सोसवणार नव्हतं. पण 'बोल' म्हटलं की मुलं ओठ शिवून घेतात. म्हणून मी पेन्सिल पुढे केली.

तिने तळ्याकाठी एक चौकोन काढला. ते घर. तिथून सरळ रेघ ओढली आणि दुसऱ्या टोकाला आणखी एक चौकोन.

"हे कुणाचं स्टेशन?"

"कुणाचंच नाही. पण गाडीने गेलेल्याच वाटेने परत यायचं. वेगळ्या वाटेने आली तर हरवेल."

"आणि तोंड कसं फिरवणार?"

तिने रेघेच्या टोकाला मोठा फास काढला. गाडी त्यात शिरणार, वळसा घेणार आणि पुन्हा त्याच रुळावर घराकडे येणार. सगळे नवशिके कधी ना कधी हा फास काढतात. मी तिला तो काढू दिला. हाताने केलेली चूक चांगली लक्षात राहते.

आम्ही रूळ जोडत गेलो. छोटं इंजिन सरळ रुळावर गुणगुणत पुढे-मागे करत होतं. टिल्लीने फासाचा शेवटचा रूळ बसवला मात्र, गुणगुण थांबली. वीज देणाऱ्या पेटीवरचा दिवाही गेला.

"मोडली!"

"मोडली नाही, रुसली. का, ते आपण शोधू." मी शिवणाच्या डब्यातून दोरा आणला. "एका रुळातून वीज येते, दुसऱ्यातून परत जाते. येणारी नि जाणारी एकमेकींना भिडल्या की सगळं बंद. डाव्या रुळावर लाल दोरा ठेव, उजव्यावर निळा. आणि चल त्यांच्याबरोबर."

ती जीभ बाहेर काढून दोरे अंथरत गेली. फासाला वळसा घालून परत आली आणि थबकली. लाल दोरा निळ्या रुळावर येऊन टेकला होता.

"आजोबा, त्याच वाटेने परत आलं की भांडण होतं!"

"या गाडीचं तरी होतं."

"मग ती घरी येणार कशी?"

मी फास सोडवला आणि रुळांचं लांबट कडं केलं. "आता बोट फिरव. मागे वळायचं नाही."

तिचं बोट घरापासून निघालं, त्या बिननावाच्या स्टेशनावरून गेलं, पुढे जात राहिलं आणि पुढूनच घरी आलं. तिने पुन्हा फिरवलं. मग तोंड वाकडं केलं. "पण इथून सगळंच दिसतं. गेल्यासारखं वाटतच नाही. मध्ये डोंगर पाहिजे."

ती पडद्याआड गेली आणि आईच्या भरलेल्या बॅगेतून तपकिरी शाल ओढून घेऊन आली. दाराच्या मधोमध तिने शालीचा उंच डोंगर रचला. पलीकडचं स्टेशन दिसेनासं झालं.

"माझी शाल कुणी..." म्हणत मुलगी बाहेर आली आणि आमच्या आडव्या दाराजवळ थांबली.

गाडी निघाली. डोंगरामागे गेली. उन्हातली धूळ हलकेच तरंगत होती. डोंगरामागून एक बारीक गुणगुण ऐकू येत होती. टिल्लीने श्वास रोखला. मग दुसऱ्या बाजूने इंजिनाचं नाक दिसलं.

"आई," ती गाडीकडेच बघत म्हणाली, "तू तिकडे बस ना. त्या स्टेशनवर."

आई पलीकडे जमिनीवर बसली. दोघींना एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं. पुढच्या फेरीत इंजिनामागच्या उघड्या डब्यातून आईची केसांची पिन आली. टिल्लीने ती केसांत खोचली आणि डब्यात लाल दोऱ्याचा तुकडा ठेवला. कितीतरी वेळ गाडी अशी येत-जात राहिली. डोंगराच्या दोन्ही बाजूंनी हसू ऐकू येत होतं. मी फक्त वेग सांभाळत होतो.

ऊन दारावरून उतरलं तेव्हा टिल्लीने शाल उचलली, वाकडीतिकडी घडी केली आणि आईच्या हातात दिली. "तिकडे थंडी असेल."

"आणि तुझा डोंगर?"

"कागदाच्या लगद्याचा करीन." मग ती माझ्याकडे वळली. "आजोबा, कागद भिजत घाला. पण फार उंच नको हं. पलीकडे माझा हात पोचला पाहिजे."

आईने तिला मांडीत घेतलं आणि वेणी घालायला सुरुवात केली. मी बादली आणायला गेलो.