सादिकभाईंची टेस्टिंगची कॅसेट

मी एक कॅसेट आहे. बोलायला लागले की आधी थोडी खरखर होईल, तेवढी सोसून घ्या. वय झालं की माणसंही घसा खाकरूनच बोलतात.

माझ्या पोटात संगीत आहे, पण तुम्ही ज्याला गाणी म्हणता तसं नाही. सातासमुद्रापलीकडच्या एका रॉक बँडमध्ये एक माणूस बेस गिटार वाजवायचा. बेस म्हणजे जाड तारांची, खोल आवाजाची गिटार. त्या बँडचं एकेक गाणं लांबलचक असायचं. मध्येच ताल बदलायचा, मध्येच सगळं थांबायचं आणि भलतीकडूनच पुन्हा सुरू व्हायचं. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याला. लोक गाणाऱ्याकडे बघायचे, आणि हा मागे, ड्रमच्या शेजारी, कुणाच्या लग्नात ओळखीचं कुणी नसल्यासारखा उभा. बरीच वर्षं तसं उभं राहिल्यावर त्यानं एकट्याचा एक अल्बम केला. तो अल्बम माझ्यावर आहे.

माझ्या कव्हरवर तो पाठमोरा उभा आहे. नाव छापलेलं होतं, पण कव्हरचा तो कोपरा कधीच फाटला. त्यामुळे आमच्याकडे त्याला नावानं कुणी ओळखत नाही. सादिकभाई त्याला ‘बेसवाला’ म्हणतात, आणि घरात तेच नाव चालतं.

सादिकभाईंच्या हाती मी आले ती हैदराबादेत. तेव्हा ते तरणेबांड होते. कनेरगाव नाक्यावर, हिंगोली-वाशीम रस्त्याला लागून, लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान टाकायचं होतं म्हणून सामान घ्यायला आले होते. दुकानदारानं स्पीकरचा लाकडी डबा वाजवून दाखवायला मलाच लावलं. म्हणाला, “इसमें गाना-वाना कुछ नै, बस बेस है. जो डब्बा इसको सँभाल लिया, वो बारात भी सँभाल लेगा.” सादिकभाईंनी डब्यासोबत मलाही मागून घेतलं.

तेव्हापासून माझी नोकरी ठरली. नवा डबा ठोकला की टेस्टिंगला मी. फळी सैल असेल, स्क्रू नीट बसला नसेल, स्पीकरचा कागद कुठे फाटला असेल, तर माझ्या जाड सुरांनी तो डबा लगेच थरथरायचा आणि आपली चोरी आपणच सांगायचा. मी स्वच्छ वाजले की सादिकभाई डब्यावर थाप मारायचे. “बराबर!” मगच तो डबा दुकानाबाहेर जायचा.

टेस्टिंगच्या कॅसेटचं नशीब तसं फुटकंच. दोन मिनिटं वाजायचं आणि पुन्हा खोक्यात. पण सादिकभाई मला बंद करायला विसरू लागले. पुढेपुढे तर विसरण्याचं नाटकही सोडलं आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की मला सरळ पहिल्यापासून लावायचे.

आपल्याच तोंडानं आपली स्तुती करू नये, पण बेसवाल्याची करायला हरकत नाही. माझ्या पहिल्या बाजूला एकच लांब तुकडा आहे. सुरुवातीला तो एकच सूर धरतो आणि जराही घाई करत नाही. मग विहिरीच्या पायऱ्या उतरावं तसा एकेक सूर खाली जातो. वाटतं, आता तळ आला, तर आणखी एक पायरी असतेच. तिथं पोचल्यावर तो थांबतो, आणि त्या थांबण्यात काय आहे ते मला आजही धड सांगता येत नाही. त्या जागेला सादिकभाई डोळे मिटायचे. दुसऱ्या बाजूला छोटे तुकडे आहेत. त्यातला एक माझा लाडका. खाली बेसची जड चाल आणि वर, अगदी वर, काचेच्या ग्लासाला चमचा लागावा तशी एक घंटी. दर फेऱ्यात एकदाच. घंटी आली की सादिकभाई भुवई उडवायचे, आणि तिथेच बसून अभ्यास करणारी त्यांची मुलगी उझ्मा तोंडानं “टिंग” करायची.

नरसीचे सटवाजी भजनात मृदंग वाजवतात. सप्ताहाला लाउडस्पीकर ठरवायला आले होते, तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा ऐकलं.

“हे काय लावून राहिले सादिकभाई? म्हैस घोरल्यावानी!”

“बसा तर खरं. चहा येऊन राहिला.”

चहा येईपर्यंत सटवाजींची बोटं मांडीवर चालायला लागली होती. एकदम म्हणाले, “आरं, सात मात्रे हायत की हे!”

“व्हय. मोजून बघा.”

“लई पोचलेला गडी हाय. मृदंग बी असाच वाजवाव. गाणाऱ्याला कळू बी न्हाई, अन् त्याच्याबिगर त्याला पाऊल बी टाकता येऊ न्हाई.”

बेसवाल्याचं इतकं नेमकं कौतुक त्याच्या मुलखात तरी कुणी केलं असेल का, मला शंका आहे. सादिकभाई त्या दिवशी दिवसभर खुशीत होते.

एकाच माणसाशी माझं कधी जमलं नाही. सादिकभाईंची बायको, कमरजहाँ. दुकानाच्या मागेच घर, मध्ये छोटं अंगण. मी सुरू झाले की आतून बारीक, धारदार आवाज यायचा, “क्या सुनते जी तुम? नुसतं घूँ घूँ! तुम्हारे बेसवाले को गाना नै आता क्या?” सादिकभाई माझ्या आवाजावरून ओरडून म्हणायचे, “तू गा ना, वो बजाता!” आणि दोघं हसायचे. तेव्हा माझ्या आवाजातही त्यांना तिचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू यायचं. हे लक्षात ठेवा.

मग जमाना बदलला. लोकांना लाउडस्पीकर नको, डीजे हवा झाला. माणसापेक्षा उंच डबे टेम्पोवर चढले. पुसेगाव, सेनगाव, हिंगोली, कुठे कुठे वराती निघाल्या, आणि प्रत्येक वरातीत सादिकभाई डब्यांना खेटून उभे. मुलं ओरडायची, “चाचा, और बढाव!” चाचा वाढवायचे. घरी आले की म्हणायचे, कानात रातकिडे बसलेत. चार दिवसांनी रातकिडे गप्प व्हायचे, पण तोवर पुढची वरात आलेली असायची.

एका दुपारी माझा लाडका तुकडा लागला. घंटी आली. भुवई उडाली नाही.

मला वाटलं, लक्ष नसेल. पुढच्या फेऱ्यात पुन्हा आली. नाहीच. उझ्मानं मात्र “टिंग” केलं. सादिकभाईंनी तिच्याकडे बघून मान हलवली, पोरीला सवयीनं पाठ झालंय असं त्यांना वाटलं असावं. मग मला बाहेर काढून उजेडात धरलं आणि म्हणाले, “घिस गई बेचारी.”

त्यांचं फार चुकलं असं म्हणता येत नाही. टेप जुनी झाली की आधी बारीक आवाज जातात आणि जाड मागे राहतात, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांनी कापसाला स्पिरिट लावून टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं, माझी पट्टी कडक गुंडाळली, पुन्हा लावलं. फरक पडला नाही. पडणार कसा? घंटी माझ्यापाशी जशीच्या तशी होती. न केलेल्या चोरीचा आळ आला म्हणून मला राग आला, आणि त्या रागात खरी गोष्ट कळायला मलाही उशीर झाला.

हळूहळू घरात कुरबुरी सुरू झाल्या. उझ्मा काही बोलली की सादिकभाई खेकसायचे, “मुँह में क्या बोलती? खुल के बोल!” पोरगी बिचारी आणखी घाबरून बोलायची, म्हणजे आणखी बारीक. शेवटी तिनं अब्बांशी बोलणंच कमी केलं. लग्न होऊन वाशीमला गेली. एकदा तिनं फोनवर सांगितलं की सासूबाई फार आजारी आहेत, तर सादिकभाई हसून म्हणाले, “अच्छा, अच्छा, बहुत अच्छा.” उझ्मानं पलीकडे फोन ठेवून दिला.

“एक बार कान दिखाके आओ ना जी,” कमरजहाँ जवळ येऊन, हातवारे करून म्हणायची.

सादिकभाईंचं उत्तर ठरलेलं. ते मला लावायचे. डोळे मिटून, एकेका सुरावर बोट आपटत म्हणायचे, “ये देख. एक-एक सुर सुन रा मैं. जो डब्बा इसको बराबर बजाता वो डब्बा बराबर, और जो कान इसको बराबर सुनता वो कान बराबर. तुम लोगाँच मुँह में बोलते.”

आणि मी बराबर वाजायचे. दुसरं काय करणार होते? ती घंटी सोडली तर माझे सगळे सूर जाड, आणि त्यांचे कान जाड सुरांना शाबूत होते. मी खोटं काहीच बोलत नव्हते. तरी त्या घरात माझ्याइतकी खोटी साक्ष कुणी दिली नसेल. ती साक्ष काढून सादिकभाई पुन्हा डब्यांपाशी उभे राहायला जायचे, आणि उरलेलं ऐकू येणं थोडं थोडं तिथे सांडून यायचे.

मागच्या लग्नसराईत नवा डबा आला होता. सादिकभाईंनी मला लावलं. अंगणात कमरजहाँ कपडे धूत होती. दगडावर पाय सरकला. पडण्याचा आवाज मी ऐकला. मग तिची हाक ऐकली. “अजी सुनो! उझ्मा के अब्बा!” मध्ये फक्त एक उघडं दार होतं. पहिल्या बाजूचा तो खाली उतरत जाणारा तुकडा चालला होता, आणि सादिकभाई डोळे मिटून मान डोलावत होते. तिनं किती हाका मारल्या ते मला सांगवत नाही. शेवटी शेवटी ती हाका नव्हती मारत, नुसती कण्हत होती. मी थांबू शकत नव्हते. कॅसेटला स्वतःहून थांबता येत नाही.

सटवाजी डीजे ठरवायला म्हणून दारात आले आणि तिथेच थबकले.

“ओ सादिकभाई! भाभी हाका मारून राहिल्या ना! ऐकू न्हाई येत का तुमाला?”

सादिकभाईंनी डोळे उघडले, सटवाजींचे ओठ बघितले आणि हसून म्हणाले, “या, या. चहा सांगतो.” सटवाजींनी त्यांना ढकलून अंगणाकडे धाव घेतली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. कमरजहाँ आता काठी घेऊन चालते. त्याच महिन्यात उझ्मा आली आणि अब्बांना हाताला धरून नांदेडला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. परत आल्यावर तिनं माझ्यासमोरच आईला सगळं सांगितलं. मशीनवर आवाज लावून बघितले. जाड आवाज सगळे ऐकू आले, बारीक एकही नाही. आता जाडही कमी होऊ लागलेत. गेलेलं परत यायचं नाही. काही वर्षं आधी डब्यांपासून दूर झाले असते तर पुष्कळ राहिलं असतं. “अब्बा डॉक्टर से बोलते, मेरी कॅसेट तो बराबर सुनाई देती,” उझ्मा म्हणाली आणि रडायला लागली. सादिकभाई दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होते.

ते माझ्यावर चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मला पुसलं, फाटक्या कव्हरात घातलं आणि फळीवर ठेवलं. डबे विकले. कानात मशीन आलं. मशीननं सगळंच मोठं होतं, भांडी, कोंबड्या, हॉर्न. बोलणं त्या गर्दीत कुठेतरी हरवतं. तरी कमरजहाँसाठी ते सकाळी मशीन घालतात.

परवा दुपारी त्यांनी मला फळीवरून काढलं. हातात घेऊन बसून राहिले. लावलं नाही. शेजारी कमरजहाँ तांदूळ निवडत होती. मग त्यांनी विचारलं, “इत्ते साल मैं समझा, तू मुँह में बोलती. क्या बोलती थी गे तू?”

कमरजहाँचे हात थांबले.

“कुछ नै जी,” ती म्हणाली. “खाना ठंडा हो रा बोलती थी. चाय लेते क्या, पूछती थी.”

सादिकभाईंनी मान हलवली. तेवढं त्यांना ऐकू आलं. ती आणखी काही बोलायला लागली आणि नाक्यावरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. सादिकभाईंनी कळवळून कानावर हात धरला. ट्रक गेल्यावर म्हणाले, “हाँ? क्या बोली?”

तिनं हातानंच ‘काही नाही’ केलं आणि ताट पुढे ओढलं. मी ऐकलं होतं. ती म्हणाली होती, “कभी कभी बोलती थी, वो बंद करो और थोड़ा मेरे पास बैठो.”

माझं आता फार राहिलेलं नाही. पट्टीला बुरशी धरायला लागली आहे. मला जपून ठेवा, पुसून ठेवा, असलं काही मला मागायचं नाही. बेसवाला कुठे सापडला तर जरूर ऐका. खूप मोठा वादक आहे तो, नरसीच्या मृदंगवाल्यानं तसं सांगितलंय. पण ऐकताना दार उघडं ठेवा, आणि घरातून कुणाची हाक आली तर तुकडा कितीही रंगात आलेला असो, आधी मला बंद करा.