नवी लव

झिपरूने गोणपाट टाकलं आणि खोकड गुडघ्याखाली दाबून धरलं.

“लाव बिगीबिगी,” तो म्हणाला. “चावंल.”

मैनाने करंजाच्या तेलात कालवलेला गंधक त्याच्या पाठीवर चोळला. खरजेने अंगावर केस उरला नव्हता. कातडी भेगाळली होती, डोळे पुवाने चिकटले होते. शेळ्यांना खरूज लागेल, मारून टाका, असं पाडा म्हणत होता. झिपरूने मात्र मैनाला एका शब्दानेही अडवलं नाही. उलट गंधकासाठी तो थेट नाशिकपर्यंत चालत गेला, करंजाच्या बियाही त्यानेच कुटल्या.

लेक गेल्यापासून दोघं कामापुरतंच बोलत. आता दोघं बांधावर शेजारी शेजारी बसून खोकडाची वाट बघत. एकदा झिपरूने आपल्या फडक्याने तिच्या बोटांचं तेल पुसलं. त्या दिवशी दळताना मैनाच्या तोंडी कैक वर्षांनी गाणं आलं.

भात कापून झाला तोवर खोकडाला नवी लव आली, दाट, तांबूस. ते आता आपणहून यायचं, मैनाने टाकलेला भाकरीचा तुकडा उचलून न्यायचं.

एका सकाळी ती पाणी घेऊन आली, तर कुडावर कातडं ताणून ठोकलेलं. झिपरू त्याला आतून राख चोळत होता.

मैना हंड्यासकट जागीच थबकली.

“तू मारलंस?”

“मंग? बंगल्यावरच्या मडमेला गळ्याभवती घालाया पायजे. सायेब मला चौकीदार ठेवतो म्हनला.”

“मारायचंच व्हतं, तर तवाच का नाय मारलंस? दाबून तर धरलं व्हतंस.”

झिपरू हसला. तिच्या भोळेपणाचं त्याला खरंच नवल वाटलं.

“खरजेचं कातडं कोन घेतंय?”

“म्हंजी गंधक आनलास तवाच...”

“त्याच्याबी आधी बोलनं झालं व्हतं.”

तो राख चोळत राहिला. मग मायेने म्हणाला, “तुझ्या हाताला गुन हाय, मैना. टेकडीखाली आनखी एक दिसलंय. तसंच झडलेलं.”

मैनाने हंडा उतरवला आणि ती टेकडीकडे निघाली. करवंदीच्या जाळीशी खोकड अंग खाजवत बसलं होतं. तिला पाहून ते पळालं नाही.

तिने धोंडा उचलून भिरकावला. ते चार पावलं हटलं, वळून बघू लागलं. मैनाने दुसरा उचलला. खोकड ओढा ओलांडून रानात दिसेनासं होईपर्यंत ती धोंडे मारत राहिली.