बंदरावर शाकारलेली मोटार

"विकायची म्हणजे विकायची. माणूस सांगून ठेवलाय मी. सोमवारी हातगाडी घेऊन येईल आणि तोडून घेऊन जाईल," निकोलस म्हणाला.

"तोडून," आल्बिनानं, त्याच्या आयनं, त्याचाच शब्द उचलला. "आनि मला विचारलंस कवा?"

हे भांडण रविवारी देवळातल्या मिस्साहून घरी आल्यापासून चाललं होतं, आणि जिच्यावरून चाललं होतं ती मी तिथंच उभी होते. मी मोटार बोलतेय. पाचूबंदरच्या वाळूवर होड्या ओळीनं ओढून ठेवल्या आहेत ना, त्या ओळीतली शेवटची. माझ्याच पुढ्यात माझ्या मरणाची बोलणी चालली होती आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. माणसांची ही सवयच आहे. म्हातारं माणूस खाटेवर जागं असलं तरी त्याच्या उशाशी बसून वाटणीच्या गोष्टी करतात. मी तर पत्र्याची.

भांडणाचं पुढं सांगते. आधी मी कोण ते ऐका, कारण मला कमी लेखलेलं चालत नाही.

माझा जन्म अमेरिकेतला. सुटी सुटी होऊन लाकडी खोक्यांतून मुंबईच्या गोदीत उतरले आणि इथं मला जोडली. पत्रा माझा वरवरचा. आतला सांगाडा लाकडाचा, तळाला फळ्या, डोक्यावर कापडी टप. हे लाकूड ध्यानात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्याच्यापायीच झालं. पहिला मालक कापसाचा दलाल. त्याच्याकडं माझं पितळ रोज पुसलं जाई, पण मला नाव घेऊन कुणी हाक मारली नाही. नवी मोटार आली तशी मी नकोशी झाले आणि सांडोरच्या फ्रान्सिसशेठनं मला वसईला आणलं.

शेठची केळीची वाडी. रविवारी मी त्यांच्या घरच्यांना देवळात न्यायची, एरवी केळीचे लोंगर, म्हणजे घड, स्टेशनावर पोचवायची. बरं चाललं होतं. मग लढाई आली आणि पेट्रोल मिळेना. शेठनं माझ्या पाठीवर कोळशाची भट्टी बसवली. तिच्या धुरावर म्हणे इंजिन चालतं. चालतं, नाही कोण म्हणतं? पण उमेळ्याच्या बाजूला जरा चढ आला की मी खोकायला लागायची आणि शेठ धोतर खोचून खाली उतरून मला ढकलायचे. त्या दिवसांत मी एक शिकले. उपाशी जनावराला आळशी म्हणायला लोकांना वेळ लागत नाही.

लढाई संपली, शेठनं लॉरी घेतली, आणि मला केळीत उभी करून ठेवली. भट्टी काढून नेली, पण फाटका टप कुणी शिवला नाही. एका कोंबडीनं मागच्या गादीवर अंडी घातली, उबवली, पिल्लं काढली. मी रागावले नाही. कुणीतरी बसलं होतं हेच पुष्कळ.

आल्बिना मला तिथं भेटली. पाचूबंदरची कोळीण, डोक्यावर पाटी घेऊन वाडीवाडीत मासळी विकायला यायची. रोज माझ्यापाशी थांबून घाम पुसायची. एकदा तिनं पाटी माझ्या पायरीवर टेकवली, मला चहूबाजूंनी फिरून पाहिलं, चाकाला लाथ मारून पाहिली आणि शेठना हाक मारली. शेठना वाटलं हिला कोंबडीची अंडी पाहिजेत. ती म्हणाली, अंडी ठेवा, अंड्यांखालची गाडी द्या.

तिला गाडी का पाहिजे होती ते सांगते. बंदरातल्या बाया मुंबईच्या बाजारासाठी मासळीच्या पाट्या घेऊन वसई रोड स्टेशनापर्यंत चालत जायच्या. टांगे होते. पण टांगेवाले पाटी घेत नसत. वास गादीत बसतो, मग दुसरी सवारी चढत नाही, असं म्हणायचे. एकानं आल्बिनाला पाटी खाली ठेवून एकटीनंच बसायला सांगितलं होतं. ती म्हणाली, उलटं कर, पाटीला बसव, मी चालते. त्यानं घोडा हाकला. नंतर मोटारबस सुरू झाली, तिच्यातही ओली पाटी चालेना. चालून चालून पाटीतला बर्फ वितळायचा आणि ज्या मासळीसाठी चालायचं ती नरम पडायची.

मी आले आणि हे थांबलं. मला चालवायचा आल्बिनाचा दीर बॅप्टिस्ट. लढाईत लष्कराची लॉरी हाकून आला होता. हात राकट, पण कान तिखट. माझा आवाज ऐकून कुठं दुखतंय ते सांगायचा. सुट्या वस्तू मुंबईच्या जुन्या बाजारातून हुडकून आणायचा. पहिल्या वर्षी त्यानं बंदरावरच्या विहिरीचं पाणी मला पाजलं. ते मचूळ. त्यानं माझा रेडिएटर आतून खाल्ला. तेव्हापासून आल्बिनाचा कायदा झाला: गाडीला पाणी शेठच्या बावखलातलंच. वाडीतलं ते गोड्या पाण्याचं तळं. पाणी घेताना तिथं मूठभर बोंबील ठेवायचे, फुकट काही आणायचं नाही.

पावसाळा जवळ आला की बंदरावर होड्या शाकारतात. वाळूवर ओढायच्या, लाकडाच्या ओंडक्यांवर बसवायच्या, माशाचं तेल पाजायचं आणि वरून माडाच्या झावळ्यांचं छप्पर घालायचं. त्या दिवशी सगळे एकेका होडीपुढं उभे राहतात आणि विचारतात, "यंदा हिचं काय?" एका पावसाळ्यात एकच मोठं काम. कधी फळी, कधी डोलकाठी. सगळं एकदम करायला गेलं की काहीच धड होत नाही, हे तिथल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं. आल्बिनानं मला त्या ओळीत उभी केली. माझी चाकं काढली, मला ओंडक्यांवर बसवली आणि पुढं उभी राहून विचारलं, "यंदा हिचं काय?" त्या क्षणी, खरं सांगते, मी पहिल्यांदा कुणाच्या तरी घरची झाले. विकतची होते ती संपली.

मागल्या पावसाळ्यात माझ्या लाकडाचं काम निघालं. तळाच्या फळ्या खिळखिळ्या झाल्या होत्या. त्यासाठी अर्नाळ्याचा काळूराम आला, होड्या बांधणारा सुतार. त्याचं नाव मोठं. त्याची होडी गळत नाही असं अख्खा किनारा सांगतो. त्यानं माझ्या खाली वाकून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. फळीफळीत फट! इतकी फट असलेली होडी त्याच्या आज्यानंसुद्धा पाण्यात घातली नसती म्हणाला. मग त्यानं मन लावून काम केलं. फटीफटीत काथ्या ठोकला, वर राळ ओतली, सगळ्याला माशाचं तेल चोळलं. रात्री बंदरातली झाडून सारी मांजरं मला चाटायला यायची. काळूराम जाताना म्हणाला, आता हिला खाडीत लोटली तरी पानी शिरनार नाय.

आणि शिरलं नाही हो. बाहेरचं एक थेंब पाणी आत शिरलं नाही. पण आतलं बाहेर जाईना.

पाट्यांतला बर्फ वितळतो, त्याचं खारट पाणी पूर्वी माझ्या फटींतून रस्त्यावर गळून जायचं. आता ते माझ्या पोटात साठू लागलं. बाया पाय वर घेऊन बसायच्या. उतार आला की सगळं पाणी बॅप्टिस्टच्या पायांवर, चढ आला की मागं बायांच्या लुगड्यांवर. रंभा नावाची एक थट्टेखोर कोळीण म्हणायची, बॅप्टिस्ट, जाळं आन, हितंच दोन मासे भेटतील. पाणी उपसायला करवंटी ठेवली होती, तरी बुडाशी उरायचं ते उरायचंच. मिठाच्या पाण्यानं वर्षभर माझा तळ कुजत राहिला. वरून तेलकट, काळाभोर, सुरेख. आतून भुसा.

हंगाम संपायच्या सुमाराला, एका सोमवारी, वसईच्या भर बाजारात माझा तळ गेला. मागची पाटी बसल्या जागी खाली सरकली आणि भोकातून एकेक पापलेट रस्त्यावर पडू लागलं. बॅप्टिस्टला पत्ता नाही. पापलेटांची रांग, रांगेमागं कुत्री, कुत्र्यांमागं एक टांगा. त्या टांग्यात निकोलस बसला होता.

निकोलस आल्बिनाचा थोरला. मुंबईत एका कचेरीत कारकून आहे, शनिवारी घरी येतो, सोमवारी जातो. पोरगा वाईट नाही. आयसाठी औषध आणतो, धाकट्या बहिणींना शाळेची पुस्तकं आणतो. पण स्टेशनावर मी उभी असले की त्याची नजर माझ्यावरून घसरून पलीकडं जाते आणि तो टांग्यात चढतो. कपड्यांना वास लागतो म्हणतो. मी कधी काही बोलले नाही. आल्बिनाही बोलली नव्हती.

त्या सोमवारी टांग्यातले लोक हसत होते. ही कुणाची गाडी म्हणून एकानं विचारलं. निकोलस गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्याचा राग त्यानं माझ्यावर काढायचं ठरवलं. भंगारवाला त्यातूनच उपजला.

तर आता परत त्या भांडणात या. निकोलस म्हणत होता की ही धड होडी नाही, धड गाडी नाही. बॅप्टिस्ट म्हणत होता, इंजिन अजून शाबूत आहे, तळ काय, लाकूड आणलं की झाला. काळूरामला आल्बिनानं अर्नाळ्याहून मुद्दाम बोलावलं होतं, तोही फुगून बसला होता.

"माज्या हातच्या फटीतून पानी आत आलं असं कोनी दाखवावं," तो म्हणाला.

"आत आलं नाय रे बाबा," बॅप्टिस्ट म्हणाला. "बाहेर गेलं नाय."

आल्बिना उठली आणि शेजारच्या होडीपाशी गेली. होडीच्या बुडाशी एक भोक होतं, त्याच्यात तिनं बोट घातलं आणि काळूरामकडं पाहिलं.

"हे कशाचं?"

"बुचाचं."

"बूच कुठं हाय?"

"काढलंय. होडी किनाऱ्यावर असली की पावसाचं पानी साठतं, म्हनून..." काळूराम बोलता बोलता थांबला.

"मग ही तर जन्माची किनाऱ्यावर हाय," आल्बिना म्हणाली. "हिच्या बुचाचं भोक कुठं ठेवलंस तू?"

काळूरामनं माझ्याकडं पाहिलं, होडीकडं पाहिलं, डोक्यावरची लाल टोपी काढून डोकं खाजवलं आणि हसत सुटला. बॅप्टिस्ट हसला. मीही हसले असते, पण तेव्हा माझ्यात हसायला तळच नव्हता. मग दोघांनी वाळूत बोटानं रेघा ओढून ठरवलं. नवा तळ सागवानी, पण फळ्या सुट्या, मधे बोटबोट जागा. पाट्यांखाली पत्र्याचं ताट, त्याला मागच्या बाजूनं नळी, म्हणजे पाणी थेट रस्त्यावर. पुढल्या पावसाळ्यात टप, तोही शिडाच्या कापडाचा. वारा सोसणारं दुसरं कापड कोणतं? त्याच्या पुढल्या वर्षी इंजिन उघडून पिस्टनच्या कड्या.

निकोलस हे ऐकत उभा होता. बोलणं आपल्या हातून निसटतंय हे त्याला कळत होतं. "यंदा तळ, पुढं टप, मग कड्या," तो म्हणाला. "आये, हे संपणार कधी?"

त्यावर आल्बिना जे बोलली त्यानं भांडण मिटलं. ते शेवटी सांगते, कारण त्यानंतर सांगण्यासारखं काही उरत नाही.

सध्या मी ओंडक्यांवर आहे. वर झावळ्यांचं छप्पर आहे, चाकं आल्बिनाच्या पडवीत आहेत. काळूराम रोज येतो आणि फळ्यांमधली जागा आपलं बोट घालून मोजतो. फट राखायची म्हणजे त्याच्या जिवावर येतं, पण राखतोय. माझ्या अंगातली मूळची किती उरली ते मला विचारू नका. शेजारच्या होडीला विचारलंत तर तीही सांगणार नाही. नारळी पुनवेनंतर होड्या पाण्यात जातील आणि मी रस्त्यावर. मला लांबवरून भोंगा वाजवायची सवय आहे. तुमच्याजवळ टांगा असेल, बैलगाडी असेल, बाजूला घ्या. माझ्यात बाया बसलेल्या असतील आणि त्यांचा बर्फ वितळत असेल. आणखी एक मागणं. जुनी वस्तू दिसली की तिचं वय विचारण्याआधी तिच्यात कोण बसतं ते विचारा.

परवा शनिवार होता. भांडणानंतरचा पहिलाच. निकोलस आला तो उशिरा, धुळीनं भरलेला. स्टेशनापासून चालत आला होता. घरात न जाता आधी माझ्यापाशी आला. चांगली विजार दुमडून माझ्या खाली उकिडवा बसला आणि काळूराम मागेल तसा खिळा देत राहिला.

त्या दिवशी, हे संपणार कधी असं त्यानं विचारलं, तेव्हा आल्बिनानं पाटी उचलून डोक्यावर घेतली होती आणि आवाज न चढवता म्हटलं होतं, "ज्या दिशी तू बसतोस त्या टांग्यात तुज्या आयची पाटी कोनी चढवून घेईल, त्या दिशी भंगारवाल्याला मीच हाताला धरून आनीन."