पाटावर राहिलेलं दान

सुभद्राकाकूंनी सात वर्षांत त्या घरात कोणाला उंच आवाजात हाक मारली नव्हती. मीठ संपलं तरी त्या कोठाराच्या दाराशी जाऊन उभ्या राहत आणि कोणाचं लक्ष जाईपर्यंत ओठांतल्या ओठांत नाम घेत. म्हणून त्या श्रावणात त्यांनी पगार मागितला, तेव्हा भैयासाहेबांना आधी वाटलं, काकू मीठच मागताहेत.

घर देवासचं, थोरल्या पातीतलं. एकाच गावात दोन राजे, मधून रस्ता. अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. दरबार वेगळे, शिपाई वेगळे. भैयासाहेबांचे वडील, तात्या, थोरल्या पातीच्या दफ्तरातले वजनदार गृहस्थ. काकू मूळच्या धारच्या. प्लेगात यजमान गेले, दिरानं महिनाभर पोसून तोंड फिरवलं, तेव्हा तात्यांनी गाडी पाठवून त्यांना देवासला आणवलं. आल्या त्याच दिवशी ओसरीवर बोलणं झालं होतं. दोन वेळचा सोवळ्यातला स्वयंपाक, त्याचे दरमहा तीन रुपये कलदार, नेसायला वर्षाला दोन तांबडी आलवणं, जेवण घरचं. कागद झाला नाही. तात्यांचा शब्द होता, तो पुरे होता. रुपये काकूंनी तात्यांजवळच राहू दिले. सोवळ्या बाईनं ते बांधून ठेवायचे तरी कुठे? कापसापुरते आणे तेवढे त्या मागून घेत.

कापूस लागे लाखवातीच्या व्रताला. पहाटे स्नान झालं की त्या दिवसाच्या वाती वळून होईपर्यंत तोंडात पाणी घ्यायचं नाही, हा नेम. लाख आता पुरा होत आला होता. कार्तिकात नेमावरला नर्मदेच्या काठी वाती तुपात भिजवून देवापुढे लावायच्या, की उद्यापन झालं. लाख वातींना तूप काही थोडं लागत नाही, आणि ते तूप आपल्या कष्टाचंच असायला हवं, हे काकूंच्या मनानं घेतलेलं. दिराच्या दारात महिनाभर उपकाराचा घास गिळला होता. तो घास अजून घशात होता. व्रत धरलं तेच त्यापायी.

तात्या जाऊन वर्ष होत आलं होतं. भैयासाहेब काही वाईट माणूस नव्हते. इंदूरला शिकलेले, बोलायला गोड, हात सढळ. दारी आलेला भिकारी त्यांनी कधी रिकामा धाडला नाही. काकूंचं मागणं ऐकून त्यांना खरोखरच हसू आलं.

"काकू, घरच्या माणसाला का कोणी पगार देतं? तुम्ही आम्हाला आईसारख्या. आईला पगार देतात का?"

काकू खाली बघत म्हणाल्या, "घरची आहे म्हणता, तर कोठाराची किल्ली माझ्या कमरेला का नाही, भैयासाहेब?"

हसू जिथल्या तिथे राहिलं. मग त्यांनी समजुतीच्या सुरात बरंच काही सांगितलं. वडिलांनी कधी असा शब्द दिल्याचं आपल्याला ठाऊक नाही. सात वर्षं खाल्लं, ल्यालं, आजारपणात वैद्य आणला, त्याचा हिशेब आम्ही मांडला का? काय हवं ते मागा, नाही म्हणणार नाही. पण पगार हा शब्द या घरात पुन्हा नको. लोक म्हणतील, अनाथ बाईला राबवून घेतलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाल्या की लोक काय म्हणतील ते लोकांवर सोडू, तात्या काय म्हणाले होते ते मला ठाऊक आहे. आणि पोळ्यांचं पीठ मळायला आत निघून गेल्या.

ही गोष्ट घरात फिरायला वेळ लागला नाही. दारावरचा मालोजी, मूळचा साताऱ्याकडचा पण तीन पिढ्या माळव्यात मुरलेला, ओसरीवर माळवी ढंगात, दूधवाल्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "भिया, आमच्या काकू साक्षात अन्नपूर्णा. पण अन्नपूर्णेला कोणी तनखा देतं का? तिला हार घालतात न् चूल फुंकायला बसवतात." काकू तिथूनच कळशी घेऊन जात होत्या. मालोजी ओशाळला. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, रस्ता ओलांडा काकू, धाकट्या पातीत सोवळ्या हाताच्या बाया मिळत नाहीत म्हणून लोक रडताहेत. काकू म्हणाल्या, "जाईन रे. पण सात वर्षं मागे टाकून नाही जायची."

दोन दिवसांनी माईंनी त्यांना माजघरात बोलावलं. माई म्हणजे तात्यांचं कुटुंब, भैयासाहेबांच्या आई. वर्षभरापूर्वीपर्यंत त्यांच्या शब्दाशिवाय घरात पान हलत नव्हतं. आता किल्ल्या सुनेकडे होत्या, आणि माई भिंतीकडे तोंड करून जप करीत बसत. त्यांनी तुपाचा एक मोठा बुधला पदराआड आणून ठेवला होता. नेमावरला गाडीही सांगते म्हणाल्या. तुझं उद्यापन झाल्याशी काम ना, सुभद्रे? मग झालं तर.

काकूंनी बुधल्याला हात लावला नाही.

"माझ्या तुपाला काय पाप लागलंय?" माईंनी विचारलं.

"पाप नाही, माई. पण तूप तुमचं झालं तर दिवा कोणाचा?"

 माईंना काहीतरी बोलायचं होतं हे काकूंना दिसत होतं. पण तेवढ्यात सुनेच्या बांगड्या वाजल्या, आणि माईंनी बुधला पुन्हा पदराखाली घेतला.

भाद्रपदात तात्यांचं वर्षश्राद्ध आलं. भैयासाहेबांनी ते थाटात करायचं ठरवलं. दोन्ही पातींतली मातब्बर मंडळी बोलावली. आणि काकूंचा प्रश्नही त्याच दिवशी आपल्या पद्धतीनं सोडवायचं त्यांनी मनात धरलं. वर्षश्राद्धाला दानं असतातच. त्यांतच अनाथ ब्राह्मण विधवेला एक दान. चांदीचं तबक, रेशमाचं आलवण, तुपाचे डबे आणि त्यावर रुपये, काकूंनी मागितले असते त्याहून जास्तच. असा आधार कुठल्या शास्त्रात सापडला ते शालिग्रामभटजींनाच ठाऊक; पण त्यांनी सापडला म्हणून सांगितलं. भैयासाहेबांना मनापासून वाटत होतं की आपण फार मोठं काम करतो आहोत. बाईला पैसे मिळतील, वडिलांना पुण्य मिळेल, घराचं नाव होईल. यात कोणाचं काय बिघडलं?

काकूंना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्या पहाटेपासून सोवळ्यात चुलीपुढे. खीर, वडे, घारगे, भाज्या, आमसुलाची चटणी. सगळं झालं तशी हाक आली की बाहेर या. पदर सावरून त्या ओसरीच्या दाराशी आल्या. ब्राह्मण मंडळी बसलेली, पाहुणे दाटून उभे. मधोमध पाटावर ते तबक. भटजींनी संकल्प सांगायला सुरुवात केली. तात्यांचं नाव, गोत्र, त्यांच्या सद्गतीसाठी हे दान. काकूंना एका क्षणात सगळं कळलं.

माझ्या बायांनो, दानाची रीत तुम्हाला माहीत आहे. संकल्प होतो, मग देणारा पाणी सोडतो. घेणारानं हात पुढे करायचा. हातावर पाणी पडलं की वस्तू त्याची झाली, आणि देणाराचं जे काही मागचं पाप-देणं असेल तेही त्याच्याकडे गेलं. पाणी पडल्यावर पुढे बोलायला जागा राहत नाही.

भटजी म्हणाले, "बाई, हात पुढे करा."

भैयासाहेबांनी पळीत तीळ-पाणी घेतलं. काकूंनी दोन्ही हात आलवणाखाली छातीशी धरले होते, ते तिथेच राहिले. भैयासाहेबांना वाटलं, संकोचल्या असतील. त्यांनी हसून पळी कलती केली. पाणी खाली सारवलेल्या जमिनीवर पडलं आणि जिरलं.

 काकू बोलल्या त्या नेहमीच्याच आवाजात, इतक्या हळू की मागची मंडळी पुढे झाली.

"भैयासाहेब, दान मला झेपायचं नाही. माझे तीन रुपये महिन्याचे द्या."

"त्याहून जास्त आहे त्यात," भैयासाहेब दातांतल्या दातांत म्हणाले. "मोजून घ्या हवं तर."

"जास्त नको, कमीही नको. आज तात्या पानावर येणार. माझं देणं डोक्यावर घेऊन त्यांनी घास कसा घ्यावा?"

कोणीतरी खाकरलं. धाकट्या पातीतल्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. भैयासाहेबांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी भटजींना पुढे चलायला सांगितलं, ही बाई राहू द्या तिच्या हट्टात.

"पुढे कसा चलू?" भटजी आता खरेच घाबरले होते. "संकल्प झाला, म्हणजे वस्तू तुमची राहिली नाही. हिनं घेतली नाही, म्हणजे हिचीही झाली नाही. ती अशी अधांतरी पाटावर असताना पिंडाला हात कसा लावायचा?"

भैयासाहेब उभे राहिले. शिकलेला माणूस, दहा माणसांत बोलायची सवय. त्यांनी सगळ्यांना उद्देशून सांगितलं की आमच्या वडिलांनी या बाईंना आश्रय दिला, पोटाशी धरलं. पगाराचं बोलणं कधी झालंच नव्हतं. झालं असल्यास एकजण तरी साक्षीदार पुढे यावा. असा साक्षीदार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. ओसरीवर त्या दिवशी तात्या आणि काकू, दोघंच होती.

"मी होते."

आवाज माजघरातून आला. माई दाराआडून पुढे झाल्या नाहीत. नुसता आवाज आला, आणि तो थरथरत नव्हता.

"मी दाराआड उभी होते. धारची बाई कशी दिसते ते बघायला. तीन रुपये कलदार म्हणाले ते. मी मनात म्हटलं, फार होतात, अडीच सांगायचे. तेव्हा बोलले नाही. या वर्षातही बोलले नाही, मला तुझ्या घरात राहायचं होतं, भैया. आज त्यांचं पान मांडलंय."

भैयासाहेब खाली बसले. बसलेला माणूस पुन्हा उभा राहून साक्षीदार मागू शकत नाही, आणि आईला खोटंही पाडू शकत नाही. त्यांनी बायकोला खूण केली. ती किल्ल्या घेऊन उठली. पेटी आणली गेली, पैसे मोजायला माईच पुढे झाल्या. भैयासाहेब मध्येच म्हणाले की काकू एकदा पंधरा दिवस तापानं पडून होत्या, ते दिवस कापा. काकू म्हणाल्या, कापा. मधूनमधून घेतलेले कापसाचे आणेही त्यांनी स्वतःहून सांगितले, ते कापले. उरलं ते थैलीत भरून भैयासाहेबांनी उचललं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, शब्द जड झालेले असले तरी म्हणाले, की हा तुमचा पगार. काकूंनी हात आलवणाबाहेर काढला.

पाटावरचं तबक, आलवण, तुपाचे डबे, त्यावरचे रुपये शेवटी भटजींनीच घेतले. आता दुसरा मार्ग नाही, असं म्हणत घेतले.

काकूंनी तूप पुढे सोनकच्छच्या बाजारात स्वतः हुंगून, पारखून विकत घेतलं, आणि कार्तिकात नेमावरला त्या लाख वाती लागल्या. ज्यांनी पाहिलं ते सांगतात, घाट उजळून गेला. पण ते नंतरचं. त्या दिवशी पंगत अजून वाढायची होती. काकूंनी थैली आपल्या सामानात ठेवली, पदर खोचला आणि वाढायला घेतलं. खीर पुन्हा पुन्हा वाढली. कोणाच्या पानात काही कमी पडलं नाही. तात्या आले असतील तर तृप्त होऊन गेले असतील.

पाहुणे गेले, चूल निवली, काकूंनी आपलं गाठोडं बांधलं. भैयासाहेब स्वयंपाकघराच्या दाराशी आले. उद्यापासून दुसरी सोय बघा म्हणाले. वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी ज्यांनी घराची शोभा केली, त्यांच्या हातचं मला आता गोड लागणार नाही.

"बरं," काकू म्हणाल्या. "फक्त आजचा दिवस पगारात धरायचा राहिलाय."

 माजघरात माईंचा जप थांबला होता. मग भैयासाहेबांनी खिशात हात घातला, दोन आणे काढले आणि उंबऱ्यावर टाकले. एक आणा गडगडत चुलीच्या राखेपर्यंत गेला.

काकू वाकल्या नाहीत. "हातात द्या," त्या म्हणाल्या. आवाज तसाच, मीठ मागावं तसा.

 दारातून मालोजी बघत होता, सून बघत होती. भैयासाहेब आत आले, राखेशी वाकले, आणा उचलला, फुंकला, दुसराही उचलला आणि काकूंच्या तळहातावर ठेवला. काकूंनी देवघराकडे पाहून हात जोडले, माईंच्या दाराशी वाकून नमस्कार केला, आणि गाठोडं काखोटीला मारून बाहेर पडल्या. ऊन अजून उतरलं नव्हतं. रस्त्यात एक गाडी आडवी होती. ती बाजूला होईपर्यंत थोडं थांबावं लागलं, मग पलीकडे जाता आलं.